भाऊबीजेला दुपारी पोचलो तर बीचच नव्हता: सोलापूरकरांसाठी भरती-ओहोटी

आपल्याकडं पाणी म्हणजे उजनी. धरण किती टक्के भरलं, वजा किती टक्क्यांत गेलं, हे आपल्या घराघरात तोंडपाठ असतं, पण ते पाणी चढायला अख्खा पावसाळा लागतो आणि उतरायला अख्खा उन्हाळा. त्यामुळं एखादं पाणी सकाळी उतरतं, दुपारी चढतं, रात्री परत उतरतं, ही गोष्ट आपण शाळेत भूगोलात वाचलेली असली तरी अंगात मुरलेली नसते. माझ्याही नव्हती.

आमची ताई रत्नागिरी जिल्ह्यात दिलेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला आम्ही सगळे पहाटेच निघालो, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि दुपारी एकच्या सुमाराला तिच्या गावी पोचलो. पोरांनी गाडीतूनच दंगा सुरू केलेला, आधी समुद्र मग जेवण. गेलो तर काय, वाळूच नाही! सुरूच्या झाडांच्या बुडाशी जो दगडी बांध आहे ना तिथंपर्यंत पाणी, लाटा बांधावर आपटतायत, उभं राहायला जागा नाही. आई म्हणाली, "फोटोत तर केवढा मोठा किनारा दाखवला होता." आम्ही हिरमुसून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताईचे सासरे म्हणाले चला आता, आणि तीच जागा, पण लांबच लांब ओली वाळू, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचं एवढं मोठं पठार उघडं पडलेलं की काल हे सगळं पाण्याखाली होतं यावर विश्वास बसेना. माणूस एक नाही तिथं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, शांत आहे ते शांत राहू दे.

तेव्हापासून मी ताईच्या सासऱ्यांच्या, म्हणजे काकांच्या, मागं लागून आणि जमेल तसं वाचून हे सगळं समजून घेतलं. आपल्या भागातून दिवाळीत आणि मे महिन्यात कितीतरी गाड्या कोकणात उतरतात, आणि बहुतेकांना भरतीची वेळ बघायची असते हेच माहीत नसतं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. भरती आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाट वाऱ्यानं होते, येते आणि काही सेकंदात परत जाते. भरती म्हणजे अख्ख्या समुद्राची पातळीच हळूहळू वर चढणं, साधारण सहा तास चढत राहते, मग साधारण सहा तास उतरत राहते. समुद्र अगदी शांत असला, लाट घोट्याएवढी असली तरी भरती यायची ती येतेच. उलट ओहोटीतसुद्धा लाटा मोठ्या असू शकतात.

आता हे होतं का? चंद्रामुळं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. चंद्र पाणी ओढतो, त्यामुळं चंद्राच्या बाजूला पाणी फुगतं, बरोबर. पण मग दिवसातून दोनदा भरती का? चंद्राच्या बरोबर उलट्या बाजूला, पृथ्वीच्या पाठीमागं, तिथंसुद्धा पाणी फुगतं ते कशामुळं? मला हेच कधी कळलं नव्हतं. मला शेवटी जे पटलं ते असं. पंढरपूरच्या वाटेवरची दिंडी डोळ्यासमोर आणा. पुढचे लोक भरभर चालतायत, मधले मध्यम, मागचे सावकाश. सगळे पंढरपूरकडंच निघालेत, पण मधल्या माणसाला काय दिसतं? पुढचे आपल्यापासून पुढं लांब चाललेत आणि मागचे मागं पडत चाललेत, दिंडी दोन्ही बाजूंना लांबत चाललीय. तसंच चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मधल्या भागावर त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. जवळचं पाणी पुढं सरकतं, पलीकडचं मागं राहतं, म्हणून फुगवटे दोन. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो म्हणून दोन भरत्या आणि मधे दोन ओहोट्या.

यातनं एक गोष्ट लक्षात घ्या, भरती ओढीमुळं नाही तर ओढीतल्या फरकामुळं होते. आमच्या भाच्यानं विचारलं होतं, मामा मग उजनीला आणि सिद्धेश्वर तलावाला भरती का येत नाही? प्रश्न एकदम बरोबर आहे. चंद्र उजनीलाही ओढतोच, पण धरणाच्या या टोकाला आणि त्या टोकाला ओढ जवळजवळ सारखीच, फरक नाहीच, मग पाणी लांबणार कुठून. त्यासाठी महासागराएवढा पसारा लागतो.

आणि वेळ रोज बदलते. आज सकाळी आठला भरती असली तर उद्या आठला नसते, साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. कारण पृथ्वी एक फेरी मारते तेवढ्यात चंद्रही थोडा पुढं सरकलेला असतो. घड्याळाचे काटे बघा, बाराला दोन्ही काटे एकावर एक असतात, मोठा काटा पूर्ण फेरी मारून परत बारावर येतो पण तोवर छोटा काटा एकवर गेलेला असतो, त्याला गाठायला मोठ्या काट्याला आणखी पाचेक मिनिटं चालावं लागतं. तसं आपल्या किनाऱ्याला चंद्र गाठायला २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून एका भरतीपासून पुढची भरती १२ तास २५ मिनिटांनी.

इथं काकांनी मला जे सांगितलं ते सोन्यासारखं आहे, आणि ते आपल्यासारख्या पंचांग बघणाऱ्या लोकांना तर अगदीच सोपं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. झालं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्थी म्हणजे ४, त्याचे पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ला भरती आणि पहाटे ३लाही. सहा-सव्वासहा तास पुढं-मागं केले की ओहोटी, म्हणजे सकाळी साधारण ९ला. संकष्टीलाही हेच. अंगारकीला गणपतीपुळ्याला जाणारे आपल्याकडचे कितीतरी लोक आहेत, दर्शन उरकून दुपारी तीनला पोरंबाळं घेऊन पाण्यात उतरतात, नेमकं तेव्हा पाणी पूर्ण चढलेलं असतं. आता एकादशी घ्या, ती आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ११ चे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे पंढरपुरात आषाढीची गर्दी असते त्या दिवशी सकाळी सव्वाआठच्या आसपास कोकणात समुद्र भरलेला असतो आणि दुपारी अडीचच्या सुमाराला उतरलेला. अष्टमीला ६ आणि ६, मधे १२ला ओहोटी. आमची भाऊबीज द्वितीया, २ चे पाऊणपट दीड, आणि आम्ही पोचलो एकला! तिथीनं आधीच सांगितलं होतं की बीच नसणार.

हा हिशोब तोंडी करायचा आहे, त्यामुळं एखादा तास इकडंतिकडं धरून चालायचं, आणि तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचाच, चेन्नईला किंवा पुरीला लावायचा नाही. मी बारकाईनं बघितलं तर पाऊण तासापेक्षा रोजचे ४८ मिनिटं धरले तर जास्त जुळतं, कारण १५ तिथ्यांना ४८ मिनिटांप्रमाणं बरोबर १२ तास होतात आणि अमावस्येची बाराची भरती पौर्णिमेला परत बारावर येते. आणि ४८ मिनिटं म्हणजे दोन घटका, एक मुहूर्त! हे कळलं तेव्हा मला लई आनंद झाला होता, दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

आता भरती दर वेळेला सारखी नसते. सूर्यही पाणी ओढतो. सूर्य चंद्राच्या कोट्यवधी पट जड आहे पण चंद्राच्या मानानं जवळजवळ चारशे पट लांब आहे, आणि भरतीचा जोर अंतरानं फार झपाट्यानं कमी होतो, अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा. म्हणून एवढ्या मोठ्या सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांचे जोर एकत्र होतात, आणि भरती मोठी होते. याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र काटकोनात, एकमेकांचं काम अर्धवट पुसतात, ती भांगाची भरती, लहान. एक लक्षात ठेवा, उधाण म्हणजे फक्त भरती मोठी नाही, ओहोटीही मोठी. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. भांगाला दोन्ही कमी. आणि उधाणाचा जोर अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशी नाही तर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतो, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येचं उधाण पाडवा-भाऊबीजेला. नेमकं आपण सगळे तेव्हाच तिथं असतो.

शिवाय चंद्राचं अंतरही कमी-जास्त होतं, जवळात जवळ साडेतीन लाख किलोमीटरच्या थोडं पुढं आणि लांबात लांब चार लाखाच्या थोडं पुढं. एवढ्याशा फरकानं भरतीचा जोर जवळपास दीडपट होऊ शकतो.

किनाऱ्याचा आकारही लई महत्त्वाचा. खुल्या समुद्रात भरती फार मोठी नसते, परातीत पाणी घेऊन चाललं की कडेला जसं उसळतं तसं ते किनाऱ्याशी आणि आखातात वाढतं. खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा, तिथं भावनगरकडं पाणी दहा मीटरच्या घरात चढतं-उतरतं, म्हणजे तीन मजली इमारत. मुंबईला उधाणात चार मीटरच्या आसपास, रत्नागिरीला दोन-अडीच मीटर, मालवण-गोव्याकडं दोनच्या आसपास, आणि पूर्वेला चेन्नईला मीटरभर. मुंबईला हाजी अलीला गेलेल्यांनी बघितलं असेल, भरतीला रस्ता पाण्याखाली जातो. अलिबागचा कुलाबा किल्ला तर ओहोटीला चालत जाता येतो आणि भरतीला होडी लागते, आणि तिथं वेळ न बघता किल्ल्यावर गप्पा मारत बसलं की परतीचा रस्ता गेलेला असतो.

आता खडकाळ किनारा. कोकणात याला खडप म्हणतात, आणि वाळूच्या किनाऱ्याला पुळण. ओहोटीला सुकती म्हणतात. खडपाचा तो काळा दगड बघून मला आपल्याकडची विहीर आठवली, आणि आठवण बरोबरच होती, कारण आपल्या सोलापूरच्या जमिनीखालचा काळा पाषाण आणि तिथला काळा पाषाण एकाच लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आपल्याकडं तो मातीखाली आहे, तिथं लाटांनी कापून कापून त्याचं सपाट पठार केलंय. काही ठिकाणी वर लाल जांभा दगड.

या खडपावर ओहोटीला जी दुनिया दिसते ती पुळणीवर बघायला मिळत नाही. पाणी उतरताना दगडाच्या खळग्यांत थोडं थोडं मागं राहतं, कुठं परातीएवढं डबकं, कुठं हौदाएवढं. त्यात छोटे मासे अडकलेले, शंखात घर केलेले खेकडे, समुद्रफुलं, जी फुलं नाहीत तर प्राणी आहेत आणि बोट जवळ नेलं की मिटतात, नशीब असलं तर छोटा ऑक्टोपस. आणि उभ्या दगडाकडं नीट बघितलं तर पट्टे दिसतात. सगळ्यात वर, जिथं पाणी क्वचित पोचतं, तिथं बारीक गोगलगायी. त्याखाली पांढरे खरखरीत दाणे दगडाला चिकटलेले, ते बार्नेकल, पाणी नसताना कवचाची दारं बंद करून बसतात आणि पाणी आलं की उघडून पंजासारखे बारीक पाय बाहेर काढून खाणं पकडतात. त्याखाली कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, ज्यासाठी गावातल्या बायका कोयता घेऊन सुकतीला खडपात येतात. आणि सगळ्यात खाली शेवाळ आणि नाजूक जीव, ज्यांना कोरडं राहणं फार वेळ सोसत नाही. कोण किती तास पाण्याबाहेर तग धरू शकतो त्याप्रमाणं प्रत्येकानं आपली पायरी निवडलीय. जितकं पाणी जास्त उतरेल तितका खालचा पट्टा उघडा पडतो, म्हणून बघायचंच असेल तर उधाणाच्या ओहोटीला जायचं. आणि उधाणाची भरती कोकणात दुपारी-मध्यरात्री बारा ते दोनच्या दरम्यान, त्यामुळं उधाणाची मोठी ओहोटी कायम सकाळी आणि संध्याकाळी सहा ते आठच्या आसपासच पडते. सकाळचीच घ्या, संध्याकाळची नको, अंधारात खडपावर थांबायचं नाही.

जाताना ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी पोचा, उतरणाऱ्या पाण्याच्या मागं मागं सावकाश जा, आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. परत फिरायची घाई का, ते आमच्या बाबतीत घडलं म्हणून सांगतो. नंतरच्या एका वर्षी मी आणि भाचा दोघंच गेलो होतो, ओहोटी साडेआठची होती, आम्ही डबकी बघत बघत अकरा कधी वाजले कळलंच नाही. समोर समुद्र अजून लांब दिसत होता, आम्ही उंच खडकावर कोरडे, त्यामुळं बिनधास्त. किनाऱ्यावरून काका ओरडायला लागले, हातानं मागं दाखवत होते. मागं वळून बघतो तर येताना जी चर आम्ही चपलाही न भिजवता ओलांडली होती तिच्यात पाणी भरलेलं. भाच्याला खांद्यावर घेऊन उतरलो, पाणी मांडीच्या वर, लाट आली की कमरेला, आणि पायाखाली शेवाळ. पंधरा-वीस पावलांचंच अंतर असेल, पण पाय थरथरत होते, आणि काठावर काका काही बोलले नाहीत, फक्त पोराला घेतलं आणि घरी चालायला लागले.

पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं. खडपावर ते मागून येतं. आपण उंचवट्यावर उभे असतो, आणि आपल्या आणि किनाऱ्याच्या मधले खोलगट भाग, चरी, घळी आधी भरतात. समोरचं पाणी पायाशी येईपर्यंत थांबलात तर मागचा रस्ता कधीच गेलेला असतो.

दुसरं, पाणी सारख्या वेगानं चढत नाही. याचा जुना ठोकताळा आहे, बारा भागांचा. समजा ओहोटी ते भरती मिळून २ मीटर पाणी चढणार आहे. पहिल्या तासात बारातला एकच भाग, म्हणजे १७ सेंटीमीटर, काही वाटतच नाही. दुसऱ्या तासात दोन भाग, ३३. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग, म्हणजे तासाला ५० सेंटीमीटर! मग परत दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. आणि हे झालं उभ्या उंचीत. खडपाचा उतार अगदी मंद असतो, शंभर पावलांत एक पाऊल उतार धरला तर पातळी ५० सेंटीमीटर वाढली की पाण्याची कड ५० मीटर आत आली. पहिला तास फसवतो, माणसाला वाटतं अजून लई वेळ आहे.

वेळ नक्की कुठं बघायची? भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरवार भरतीचे तक्ते काढतो, आणि मोबाईलवर गावाचं नाव टाकून भरतीची वेळ शोधली की मिळते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मोठ्या लाटांचे इशारे देते, तेही बघून घ्या, कारण कधी कधी लांब कुठंतरी वादळ झालेलं असतं आणि आपल्याकडं आभाळ स्वच्छ असताना मोठ्या लाटा येऊन थडकतात. तक्त्यात ओहोटी ०.३ मीटर लिहिलेली असली तर तिथं तेवढंच खोल पाणी आहे असं समजू नका, ती उंची एका ठरवलेल्या तळपातळीपासून मोजतात, आपण उभे असतो तिथली खोली नव्हे. आपल्याला फक्त आकड्यांची तुलना करायची, आकडा जितका लहान तितकं पाणी जास्त उतरणार.

बाकी भराभर सांगतो. पावसाळ्यात खडपावर जायचंच नाही. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला, बार्नेकल ब्लेडसारखं कापतं. ओलं हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय नाही. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तरी हातात घेऊ नका, आत जिवंत प्राणी असला तर त्याचा डंख विषारी असतो. दगड उलटा करून बघितला तर परत तसाच ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं ओहोटी लागल्यावर अंघोळीला उतरू नका, खाडीचं सगळं पाणी बाहेर ओढत नेतं. आणि एमएच १३ च्या गाड्या वाळूवर घालू नका ओ, ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती लागली की डोळ्यादेखत गाडी जाते. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे, दगडाच्या अरुंद फटीत भरतीचं पाणी घुसून उंच उडतं, बघण्यासारखं आहे, पण लांबून बघा, कडेवर सेल्फी काढायला जाऊ नका. रत्नागिरीत मत्स्यालय आहे, मुलांना आधी ते दाखवा, मग खडपावर काय बघायचं हे त्यांना आपोआप कळतं.

आणि इतकं करूनही अडकलातच तर खोल पाण्यात उडी मारू नका. सगळ्यात उंच जागा बघा, दगडाचा रंग जिथं बदलतो आणि बार्नेकलचा पट्टा जिथं संपतो त्याच्यावर भरतीचं पाणी सहसा जात नाही, तिथं बसा, ११२ ला फोन करा, किनाऱ्यावरच्या माणसाला हाका मारा. पाणी सहा तासांनी उतरतंच.

यंदा गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गडबड उरकली की परत ताईकडं जायचं ठरतंय. काल आई दिनदर्शिका घेऊन बसली होती, बोटावर मोजत. षष्ठी चांगली वाटते म्हणाली, सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी सव्वादहाच्या आसपास, नाष्टा करून निवांत जाता येईल. मी म्हटलं भांग जवळ आलेला असतो तेव्हा, पाणी जास्त उतरणार नाही, खालचा पट्टा दिसायचा नाही. ती म्हणाली, "मला खालचा पट्टा नको, मला वाळूत बसायचंय." मग षष्ठीच ठरली.